पुणे ते नागपूर : अंतर किती आणि वेळ किती?

श्रोतेहो, वाटसरूने “पुढचं गाव किती लांब?” असे विचारले, तर आपण त्याला मैल किंवा किलोमीटर क्वचितच सांगतो. “उन्हं उतरायच्या आत पोचाल,” असे सांगतो, नाहीतर “हे काय, टेकडी ओलांडली की आलंच,” असे म्हणतो. अंतर वेळेत सांगण्याची ही रीत जुनी आहे, आणि शहाणपणाचीही आहे. चालणाऱ्याला वाटेची लांबी मोजायची नसते. आपण कधी पोहोचणार, एवढेच त्याला हवे असते.

विमानाने या हिशोबात थोडा घोटाळा करून ठेवला आहे. पुण्याहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, असे कोणालाही विचारा. “सव्वा तास, फार तर दीड तास,” असे उत्तर मिळेल. हे उत्तर खोटे नाही. पण त्याच्या भरवशावर निघालेला माणूस पुष्कळदा ठरल्या वेळी पोहोचत नाही. कोणाची मुलाखत असते, कोणाच्या मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख असते, कोणाचा रुग्ण इस्पितळात वाट पाहत असतो. तेव्हा हा दीड तास येतो कुठून, त्यात काय धरलेले असते आणि काय धरलेले नसते, हे आज आपण नीट समजून घेऊ.

प्रथम अंतर पाहू. पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे आणि नागपूरचा सोनेगावला. या दोन ठिकाणांमध्ये अंतर एक नाही, तीन आहेत. रस्त्याने अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरवरून गेलात, तर सुमारे सातशे किलोमीटर पडतात. रेल्वेने त्याहून जास्त, म्हणजे ८८० ते ८९० किलोमीटर. आणि नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर सुमारे ६०५ किलोमीटर. जुन्या मापाने, दोन मैलांचा कोस धरला, तर हे अंतर १९० कोसांच्या आसपास जाते.

रेल्वेचे अंतर इतके का वाढते? नकाशा समोर घ्या म्हणजे लगेच कळेल. पुण्याहून निघालेली गाडी दौंडला जाते, तिथून उत्तरेकडे वळून मनमाड गाठते, मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करीत नागपूरला पोहोचते. म्हणजे ती आधी उत्तरेला चढते आणि मग पूर्वेला धावते. काटकोनाच्या दोन बाजूंनी चालत जावे, तसा हा प्रकार आहे. विमान कर्णावरून जाते. शाळेतला कर्ण हा असा उपयोगी पडतो, बरं का!

गुरुजनांसाठी इथे एक चांगले गणित आहे. आठवी-नववीच्या मुलांना ते फळ्यावर करून दाखवता येईल. लोहगाव सुमारे १८.५८ उत्तर अक्षांशावर आणि ७३.९२ पूर्व रेखांशावर आहे. सोनेगाव सुमारे २१.०९ अक्षांशावर आणि ७९.०५ रेखांशावर आहे. वजाबाकी करा. उत्तरेकडे २.५१ अंश आणि पूर्वेकडे ५.१३ अंश जायचे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापाशी तेवढाच मोठा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आखडत जातो. सोललेल्या संत्र्याच्या फोडी मध्ये रुंद आणि टोकाला निमुळत्या असतात ना, तसेच हे आहे. आपल्या या पट्ट्यात, म्हणजे विसाव्या अक्षांशाच्या आसपास, तो सुमारे १०४.७ किलोमीटर भरतो. आता गुणाकार करा. उत्तरेकडे २७९ किलोमीटर, पूर्वेकडे ५३७ किलोमीटर. दोघांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा. उत्तर ६०५ येते. पायथागोरसचा सिद्धांत आणि एक नकाशा, एवढ्यावर दोन विमानतळांतले अंतर घरबसल्या निघाले.

“पण पृथ्वी तर गोल आहे, मग सरळ रेघ कशी चालेल?” असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याला शाबासकी द्या. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर किंचित वाकडा दिसतो, हे खरेच आहे. पण पुणे-नागपूर एवढ्या टप्प्यात तो वाकडेपणा मधोमध अवघा दोन-अडीच किलोमीटरांचा आहे. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या प्रवासात तोच हजारो किलोमीटरांचा होतो. म्हणून घरच्या अंगणात पट्टी चालते. दूरदेशी जायचे तर गोलावर दोरा ताणून पाहावा लागतो.

विमानाची माणसे मात्र किलोमीटर वापरीत नाहीत. ती सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा आकडा असा विचित्र का? अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर एक भाग जवळजवळ एवढा भरतो. त्यामुळे नकाशावरील अंश पाहून अंतर सांगणे सोपे जाते. पुणे-नागपूर अंतर या मापाने सुमारे ३२७ सागरी मैल होते.

आता ही सरळ रेघ कोणाच्या डोक्यावरून जाते, ते पाहू. लोहगावहून निघाली की ती ईशान्येकडे जाते. अहिल्यानगर शहर तिच्या किंचित डावीकडे राहते. पैठणच्या खालच्या अंगाला ती गोदावरी ओलांडते. लोणारचे प्रसिद्ध सरोवर डाव्या हाताला दहा-पंधरा किलोमीटरांवर राहते, वाशीम शहर जवळजवळ पायाखाली येते, आणि वर्धा उजवीकडे ठेवून ती नागपूरला पोहोचते. खरे विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी आणि नियंत्रकाच्या सूचनेने जाते, त्यामुळे ते या रेघेपासून थोडे इकडे-तिकडे होते. पण मनात चित्र उभे करायला ही रेघ पुरेशी आहे.

आता वेळ. मोठे जेट विमान उंचावर ताशी आठशे किलोमीटरांच्या आसपास उडते. ६०५ ला ८०० ने भागले, तर पाऊण तास येतो. मग वेळापत्रकात सव्वा ते दीड तास का छापलेला असतो? कंपनी वेळ चोरते की काय? तसे नाही. बैलगाडी घाट चढताना आणि सपाटीवर एकाच चालीने जात नाही. विमानाचेही तसेच आहे.

आकाशातला हा घाट पुण्यापासूनच सुरू होतो. विमानाला दहा किलोमीटरांच्या आसपास उंची गाठायची असते. तेवढे चढायला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि तोवर सुमारे दोनशे किलोमीटर मागे पडतात. म्हणजे ढोबळमानाने गोदावरी येईपर्यंत विमान चढतच असते. उतरायलाही तेवढीच लांब उतरण लागते. ज्या उंचीवर विमान आहे, त्या दर हजार फुटांमागे तीन सागरी मैल आधी उतरायला लागावे, असा वैमानिकांचा एक सोपा हिशोब आहे. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचे तर १०५ सागरी मैल, म्हणजे १९५ किलोमीटर झाले. वाशीम मागे पडले, की थोड्याच वेळात नागपूरची उतरण लागते. मधली सपाटी, जिथे विमान खऱ्या वेगाने धावते, ती गोदावरीपासून वाशीमच्या पुढपर्यंत, म्हणजे उणीपुरी दोनशे किलोमीटर. ती पंधरा मिनिटांत संपते. चढ वीस मिनिटे, सपाटी पंधरा, उतरण वीस-पंचवीस, असा जवळजवळ तास आकाशातच जातो. पंख्याचे लहान विमान असेल, तर ते कमी उंचीवरून ताशी पाचशेच्या बेताने जाते. त्याला निव्वळ अंतर कापायलाच सव्वा तास लागतो.

यात आणखी एक भर पडते ती धावपट्टीच्या दिशेची. धावपट्टीवर मोठ्या अक्षरांत आकडे रंगवलेले असतात. ते दिशेचे आकडे आहेत, शेवटचे शून्य गाळलेले. पुण्याच्या पट्टीवर एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ आहे. म्हणजे ती १०० अंश आणि २८० अंश या दिशांना, साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. नागपूरची पट्टी १४ आणि ३२ ची, म्हणजे आग्नेय-वायव्य. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडते आणि वाऱ्याला सामोरे जाऊनच उतरते. धान्य उफणताना आपण वारा पाहून उभे राहतो, तसा वैमानिकही आधी वारा पाहतो. पुण्याहून नागपूरची दिशा सुमारे ६२ अंश आहे. पश्चिमेचा वारा असेल, तर विमान पुण्याहून पश्चिमेकडे उडते आणि मग वळसा घेऊन ईशान्येची वाट धरते. नागपूरला तर येणारी वाट धावपट्टीला जवळजवळ आडवी जाते. तेव्हा कोणत्याही टोकाने उतरायचे म्हटले, तरी विमानाला वळावे लागतेच. या वळणांत काही मिनिटे जातात. शिवाय लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. तिथली धावपट्टी प्रवासी विमानांना हवाई दलाबरोबर वाटून घ्यावी लागते. कधी थांबावे लागते, कधी लवकर वाट मिळते.

वारा वरच्या थरातही खेळ करतो. हिवाळ्यात आपल्या देशावर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. तेव्हा पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला मागून रेटा मिळतो आणि परतणाऱ्याला तोच वारा आडवतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर वरच्या थरात उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वेगवान प्रवाह असतो. पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली या प्रवाहाचे वर्णन जगापुढे मांडले. गणितच करायचे, तर समजा वारा ताशी ८० किलोमीटरांचा आहे. तो मागून असेल तर ६०५ किलोमीटर ८८० च्या वेगाने ४१ मिनिटांत कापले जातील. समोरून असेल तर ७२० च्या वेगाने ५० मिनिटे लागतील. वाट तीच, विमान तेच, फरक नऊ मिनिटांचा. म्हणून जाण्याची आणि येण्याची वेळ तिकिटावर वेगळी दिसली, तर ती छपाईची चूक समजू नका.

तिकिटावरील वेळ मोजतात कुठून कुठपर्यंत, हेही लक्षात ठेवा. विमान आपल्या जागेवरून हलते, तिथून ती सुरू होते, आणि दुसऱ्या विमानतळावर ठरल्या जागी येऊन थांबते, तिथे ती संपते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा रांगत येणे, हे सगळे तिच्यात आले. त्याशिवाय उशीर झालाच तर सांभाळून घ्यायला कंपनी थोडी वेळ जादा धरते. असा आकाशातला एक तास कागदावर सव्वा-दीड तास होतो.

आता या हिशोबात काय येत नाही, ते पाहू. आपल्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. समजा हिंगणघाटजवळच्या एका शेतकऱ्याला मुलीला घेऊन बारामतीला प्रवेशासाठी जायचे आहे. घरून सोनेगावचा विमानतळ गाठायला दीड तास धरा. विमान सुटण्याच्या दोन तास आधी तिथे पोहोचणे बरे. कारण सामान घेण्याची खिडकी साधारण एक तास आधीच बंद होते, आणि तपासणीच्या रांगेत किती वेळ जाईल याचा नेम नसतो. विमानाचे सव्वा ते दीड तास. पुण्याला सामान हाती यायला अर्धा तास. लोहगावहून गर्दीतून स्वारगेटला यायला एक तास. तिथून बारामतीची एस. टी. धरली तर अडीच तास. बेरीज करा : सुमारे नऊ तास होतात. या नऊ तासांत माणूस प्रत्यक्ष आकाशात किती? एक तास! बाकीचे आठ तास जमिनीवरचेच.

तेव्हा “दीड तासात पुणे” या शब्दांवर विसंबून त्याने दुपारी बाराचे विमान धरले आणि त्याच संध्याकाळी पाचपर्यंत कचेरीत कागद द्यायचे ठरवले, तर काय होईल? कचेरी बंद झालेली असेल. प्रवेशाची तारीख एका दिवसाची असेल, तर मुलीचे वर्ष जाईल. अशा वेळी आदल्या रात्रीची रेल्वे अधिक शहाणपणाची ठरते. तीत वेळ जास्त लागतो, पण तो झोपेत जातो, आणि सकाळी माणूस गावात असतो. दिवसाची गाडी हवी असेल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत आहे. ती ८८१ किलोमीटरांचे अंतर सुमारे बारा तासांत जाते. विमान वाईट, असे मला म्हणायचे नाही. ज्याचे घर आणि ज्याचे काम दोन्ही विमानतळांच्या जवळ आहे, त्याचा दिवस विमानाने खरोखर वाचतो. पण ज्याला दोन्ही टोकांना लांबची एस. टी. धरायची आहे, त्याने तिकिटाचे पैसे मोजण्यापूर्वी घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या दारापर्यंतचे तास मोजावेत.

आणि एक प्रवास असा आहे, की तिथे मिनिटाचेही मोल असते. अवयवदानाविषयी आपण ऐकले असेल. दान केलेले हृदय शरीराबाहेर काढल्यावर साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात पुन्हा धडधडू लागावे, असा वैद्यकाचा प्रयत्न असतो. यकृताला याहून अधिक, सुमारे आठ ते बारा तास मिळतात. मूत्रपिंड तर दिवसभरही टिकू शकते. हृदयाच्या चार तासांतला तासभर ते जोडण्याच्या शस्त्रक्रियेतच जातो. उरले तीन तास. रस्त्याचे सातशे किलोमीटर किंवा रेल्वेचे पावणेनऊशे तीन तासांत संपणे शक्य नाही. विमानाचा एक तास मात्र त्यात बसतो. पण तेवढ्याने भागत नाही. इस्पितळापासून विमानतळापर्यंतचा आणि दुसऱ्या टोकाचा रस्ता वाहनांनी तुंबलेला असेल, तर आकाशात मिळवलेला वेळ चौकात गमावला जाईल. म्हणूनच पोलीस अशा वेळी रस्ता मोकळा करून देतात. त्याला ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतात. रस्त्यात आपले वाहन थांबवले गेले आणि एक रुग्णवाहिका वेगाने निघून गेली, तर कुरकुर करू नका. जमिनीवरची दहा मिनिटे आकाशातल्या दहा मिनिटांइतकीच मोलाची आहेत, हे तिथे डोळ्यांना दिसते.

नागपूरला तर वेळेचा हा हिशोब जुन्या परिचयाचा आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चौघांची गाठ नागपूरला पडे. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि विमाने आपापल्या गावी परतत. आज रात्री टाकलेले पत्र उद्या दुसऱ्या टोकाला पोहोचे. नागपूरच का निवडले? सरळ रेघेने मुंबई तिथून सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५. त्या काळच्या डकोटा विमानाला ताशी तीनशेच्या बेताने यातले कोणतेही अंतर सव्वादोन ते सव्वातीन तासांत कापता येई. चौघेही निम्म्या रात्रीत नागपूरला येऊन उरलेल्या रात्रीत परत जाऊ शकत. ती सेवा पुढे बंद झाली, पण तिच्यामागचा विचार आजही शिकण्यासारखा आहे. नकाशावर केवळ मधला बिंदू शोधून ती आखलेली नव्हती. सर्वांची वेळ कुठे जुळते, हे पाहून ती आखलेली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, जाता जाता आणखी एक गोष्ट वर्गात सांगता येईल. पुणे आणि नागपूर यांच्या रेखांशात पाच अंशांहून थोडा जास्त फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे नागपूरला सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी तो पुण्याला माथ्यावर येतो. घड्याळे दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, कारण सबंध देशाची वेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून ठरवलेली आहे. तुमच्या शाळेच्या अंगणात एक काठी रोवा आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते, ती वेळ टिपा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या शिक्षकांनाही त्याच दिवशी तसे करायला सांगा, आणि दोन्ही वेळा ताडून पाहा. जितकी मिनिटे फरक येईल, त्यांना चाराने भागा. दोन गावांत रेखांशाचे किती अंश आहेत, ते मुले स्वतः सांगतील.

ग्रामीण श्रोत्यांना मात्र एवढेच सांगणे आहे. अंतर विचाराल, तेव्हा कोणत्या वाटेचे, असे विचारा. वेळ विचाराल, तेव्हा कुठून कुठपर्यंतची, असे विचारा. आणि महत्त्वाच्या कामाला निघाल, तेव्हा कागदावर दोन रकाने आखा. एकात विमानाची वेळ लिहा, दुसऱ्यात घरापासून विमानतळापर्यंतची आणि तिथून कामाच्या ठिकाणापर्यंतची. दुसरा रकाना मोठा निघाला, तर एक दिवस आधी निघा.